हातावरचा कागद

बहमनच्या महिन्यात, ऐन थंडीत, आमच्या शस्त्रक्रियेच्या खोलीत उजेड एकदम येत नाही. आधी पूर्वेच्या खिडकीची सर्वांत वरची काच फिकट होते. रंग असा तिला येत नाही, नुसते काळेपण जाते. मग स्टेशनच्या रस्त्यावरचा निंब दिसू लागतो, तोही झाड म्हणून नव्हे, अंधाराचा एक दाट फुगवटा म्हणून, आणि काही वेळाने त्याला फांद्या फुटतात. त्यामागे जिनिंगच्या कारखान्याची चिमणी आहे. तिची एक कड तांबूस होते, आणि आपण तिच्याकडे किती वेळ पाहत राहिलो हे ध्यानात येईपर्यंत सूर्य कारखान्याच्या पत्र्यावर येऊन टेकलेला असतो. त्या क्षणी पश्चिमेकडच्या चुन्याच्या भिंतीवर उजेडाचा एक चौकोन उमटतो. त्यात खिडकीच्या गजांचे तीन उभे काळे पट्टे असतात. कारखान्यातून उडून आलेले कापसाचे तंतू त्या तिरप्या उजेडात तरंगताना दिसतात. एरवी ते आपल्या श्वासातून जात-येत असतात आणि आपल्याला त्याचा पत्ता नसतो. सूर्य वर चढतो तसा हा चौकोन भिंतीवरून खाली सरकतो, औषधांच्या कपाटाची कड ओलांडतो, तामचिनीच्या पांढऱ्या भांड्यांवर क्षणभर रेंगाळतो आणि अखेर शहाबादी फरशीवर उतरून इतका सामान्य होतो, की त्याच्यावर पाय देऊन माणसे ये-जा करतात. भिंतीवर तो जेमतेम अर्धा तास असतो. या अर्ध्या तासाचा उजेड मी सात वर्षे पाहत आलो आहे, आणि त्यांतली पाच वर्षे तो नीट पाहायचा नाही अशी काळजी घेत आलो आहे.

आज सकाळी त्या चौकोनासमोर सुग्रीवने माझा हात धरला. सुग्रीव माझा सहायक. मनकर्णाबाई धर्मादाय दवाखान्यात येऊन त्याला तीन महिने झाले. पोखर्णीच्या शेतकऱ्याच्या घरातला मुलगा, हैदराबादेस उर्दूतून वैद्यक शिकून आला, परंतु बोलणे अजून नरसिंहाच्या देवळासमोरच्या पारावरचेच. टेबलावर कोकिळा नावाची विशीतली बाई होती. पहाटे बैलगाडीतून तिला आणले होते. पहिलेच बाळंतपण, मूल पोटात आडवे, आणि कळा सुरू होऊन दुसरा दिवस उजाडलेला. पोट उघडून मूल काढण्यावाचून मार्ग नव्हता, आणि त्यालाही फार वेळ उरला नव्हता. मी अंगरखा चढवला होता. हात धुण्यासाठी मोरीकडे वळणार, तोच सुग्रीवने खिशातून पुडी बांधायचा पातळ पांढरा कागद काढला आणि माझा उजवा हात उजेडात धरून त्याच्या पाठीवर ठेवला. हा प्रकार त्याला कुणी सांगितला हे मला विचारावे लागले नाही. कोपऱ्यात वच्छलाबाई उभ्या होत्या. आमच्या दवाखान्यातल्या सर्वांत जुन्या नर्स. त्या माझ्याकडे पाहत नव्हत्या; भिंतीकडे पाहत होत्या. मीही भिंतीकडे पाहिले. तिथे माझ्या हाताची लांबट सावली पडली होती, आणि तिच्यावरच्या कागदाचे टोक वाऱ्याने हलावे तसे हलत होते. खिडकी बंद होती.

"साहेब, थांबा," सुग्रीव म्हणाला. मग मी ऐकलेच नसेल असे समजून तो पुन्हा म्हणाला, "हात थरथरायलाय तुमचा. आज मी करतो."

मी म्हणालो, थंडी आहे.

"थंडी मलाबी हाय, साहेब," तो म्हणाला, आणि तोच कागद उचलून त्याने आपल्या हातावर ठेवला. तो तिथे पडून राहिला, पारावरच्या पिंपळाचे गळलेले पान पडून राहावे तसा. वच्छलाबाई माझ्या पाठीमागे आल्या आणि त्यांनी अंगरख्याची गाठ सोडली. गाठ त्यांनीच थोड्या वेळापूर्वी बांधली होती. सोडताना त्यांची बोटे माझ्या मानेला लागली. त्या स्पर्शात राग नव्हता, दयाही नव्हती. आजाऱ्याच्या अंगावरचे पांघरूण बदलताना जो स्पर्श असतो तो होता, आणि मी स्वतःला कधीही आजाऱ्यांच्या बाजूला धरले नव्हते.

बाहेर व्हरांड्यातल्या बाकाजवळ कोकिळाची सासू दगडाबाई पाय पसरून बसली होती. शेजारी तिचे गाठोडे होते. मला पाहताच तिने पाय आखडले. "डाक्टर, तुमी बाहिर? मंग आत कोन हाय?" मी म्हणालो, सुग्रीव डॉक्टर आहेत. "ते पोखर्णीचं पोरगं? त्याच्या मायला मी वळखते. लहान होतं तवा म्हशीला सुई द्यायची म्हणून बाभळीचा काटा टोचत हिंडायचं." ती हसली, मग तिला आपली सून आठवली आणि हसू तिच्या तोंडावरून उतरले. तिने माझ्याकडे वरून खाली पाहिले. "तुमी का न्हाई केलं?" या बाईला खोटे सांगणे सोपे होते. डॉक्टराने काहीही सांगितले असते तरी तिने ते मानले असते. माझी तब्येत बरी नाही, असे मी म्हणालो, आणि हे शब्द या इमारतीत मी प्रथमच उच्चारत आहे हे मला म्हणताना कळले. "मंग बसा की," तिने गाठोडे सरकवले, "उभं कशाला ऱ्हायलाव." मी बसलो. मागच्या बंद दारातून क्लोरोफॉर्मचा गोडसर, मळमळणारा वास येऊ लागला होता.

माझा हात मी मांडीवर ठेवला होता. आता तो स्थिर दिसत होता. कित्येक दिवसांपासून मला हे माहीत होते असे म्हणता येईल, आणि माहीत नव्हते असेही. सदऱ्याचे बटण लावताना एकदा वेळ लागला होता. दौतीत टाक बुडवताना काचेवर तो टकटकला होता. रात्री झोप तुटक येत होती, दुपारचे जेवण चहावर भागत होते. गेल्या पटकीच्या साथीत आधीचा सहायक सोडून गेला, तेव्हापासून सुग्रीव येईपर्यंत सात महिने मी एकटाच होतो, आणि तो आल्यावरही कठीण कामे मीच करत राहिलो. त्याला शिकवायला वेळ कुठे आहे, असे मी म्हणत असे. हे वाक्य आपण कुठे तरी ऐकले आहे, असे मला प्रत्येक वेळी वाटे. ऐकले नव्हते. त्याच्या नेमके उलट वाक्य ऐकले होते, याच व्हरांड्यात, दिनकरराव बोरीकरांच्या तोंडून.

मी चोवीस वर्षांचा असताना इथे आलो तेव्हा दिनकरराव इथले मुख्य डॉक्टर होते. उंच, किंचित वाकलेले, डोक्यावर काळी टोपी आणि बोटांना कायम कार्बोलिकचा वास. मी इतका लाजरा होतो की रोग्याला कुठे दुखते हे विचारतानाही मी जमिनीकडे पाहत पुटपुटत असे. रोगी निघून गेल्यावर मला त्याच्या रोगाचे निदान स्पष्ट सुचे आणि मी ते दिनकररावांना चिठ्ठीवर लिहून देई. ते चिठ्ठी वाचत, हसत नसत, आणि पुढच्या वेळी त्याच रोग्यासमोर मला पुढे करून आपण मागे उभे राहत. ते म्हणत, मला शिकवायला वेळ नाही असं ज्या दिवशी मी म्हणेन, त्या दिवशी समज, माझं डोकं ठिकाणावर नाही. त्यांचे वडील बोरीचे सोनार. सकाळी भट्टी पेटवण्यापूर्वी वडील हाताच्या पाठीवर सोन्याचा वर्ख ठेवून पाहत. तो हलला तर त्या दिवशी नाजूक काम करत नसत, साखळ्यांचे तुटके सांधे झाळीत किंवा गिऱ्हाइकांशी बोलत बसत. दिनकररावांनी वर्खाच्या जागी पुडीचा कागद आणला. शस्त्रक्रियेच्या सकाळी पूर्वेच्या खिडकीसमोर ते उभे राहत, हात पुढे करत, कागद मी ठेवायचा आणि भिंतीवरची सावली मी पाहायची. गोऱ्या हातावर पांढरा कागद हलला तर कदाचित कळणार नाही. भिंतीवरच्या सावलीत ते लपत नाही. मग मी दोहोंपैकी एक शब्द म्हणायचा: ठीक, किंवा थांबा. पहिल्या दिवशी मला हसू आले होते. एवढ्या मोठ्या माणसाचा हात तपासायला माझ्यासारखा पोर. ते म्हणाले, स्वतःचा हात स्वतःला कधी थरथरताना दिसत नाही, बन्सीधर. ज्याला दिसतो तो सोनार नव्हे, देव. आणि मग त्यांनी उरलेला नियम सांगितला. जो थांबा म्हणेल, त्यानेच त्या दिवशी चाकू हाती घ्यायचा. नुसते थांबवून बाजूला होता येणार नाही.

त्या दोन वर्षांत मी दर वेळी ठीक म्हणालो, कारण दर वेळी ते ठीकच होते. कागद त्यांच्या हातावर असा पडून राही की मला त्याचा हेवा वाटे. शस्त्रक्रियेत मी त्यांच्या समोर उभा राहून जखमेच्या कडा धरत असे, रक्त टिपत असे, आणि मनातल्या मनात पुढची प्रत्येक हालचाल त्यांच्याआधी करत असे. विद्या माझ्यापाशी होती. पण चाकू माझ्या हाती देऊन ते बाजूला झाले की माझ्या कानात एक शिट्टी वाजू लागे, पूर्ण्याची गाडी दूरवर सिग्नलपाशी थांबून वाजवते तशी, आणि कातडीवर पहिली रेघ ओढण्यापूर्वी मी त्यांच्याकडे पाही. त्यांनी मान हलवली तरी मी पुन्हा पाही. शेवटी ते चाकू परत घेत. रागावत नसत. हैदराबादेस दोन वर्षे शस्त्रक्रियेचे शिक्षण घेऊन ये, म्हणून त्यांनी माझ्यासाठी एक शिफारसपत्र लिहून ठेवले होते. ते त्यांच्या मेजाच्या खणात होते. फक्त माझी अर्जी जोडायची होती. मी ती लिहिली नाही. तुम्ही एकटे पडाल, असे मी त्यांना सांगत असे, आणि हे सांगताना मला माझ्याविषयी फार बरे वाटे. एकदा, दुसऱ्या वर्षीच्या दिवाळीच्या सुमारास, ते म्हणाले की आठ दिवस बोरीला जाऊन नुसते झोपावे असे वाटते. आठ दिवस सांभाळशील? मी म्हणालो, तुमच्याशिवाय कसं होईल? त्यांनी विषय सोडून दिला. रुखसतीचा, म्हणजे रजेचा, कागद त्यांनी लिहिला होता की नव्हता, मला माहीत नाही. माझे उत्तर त्यांना सुखावून गेले असेल, असे मी त्या रात्री समजून झोपलो.

आतून सुग्रीवचा आवाज आला. काहीतरी मागितले, लगेच भांड्यात काहीतरी पडल्याचा आवाज झाला. दगडाबाईने पदराचे टोक तोंडात धरले होते. मी उठून दारापर्यंत गेलो आणि परत आलो. दार उघडून मी आत गेलो असतो तर सुग्रीवने मान वर केली असती, आणि त्या एका क्षणात त्याचा हात त्याचा राहिला नसता. हे मला दुसऱ्या कुणापेक्षाही अधिक कळत होते. मी पुन्हा बाकावर बसलो.

ती सकाळही बहमनचीच होती, पाच वर्षांपूर्वीची. पूर्ण्याहून कस्तुराबाई नावाची बाई आली होती. नवरा भुजंग रेल्वेच्या रुळांवर काम करणारा. तिच्या जांघेत आतड्याचे वेटोळे अडकले होते. दिनकरराव तीन दिवस जिंतूरच्या बाजूला साथीत हिंडून आदल्या संध्याकाळीच परतले होते. डोळ्यांखाली सूज होती, आवाज बसला होता. सकाळी त्यांनी चहासुद्धा घेतला नव्हता. खिडकीसमोर त्यांनी हात पुढे केला. मी कागद ठेवला. कागदाचे टोक भिंतीवर हलले. मग थांबले. मग पुन्हा हलले, बारीक, सतत, पाण्यातली सावली हलावी तसे. मी त्याच्याकडे पाहिले. किती वेळ पाहिले हे मला आजही सांगता येत नाही. कानात ती शिट्टी वाजू लागली.

"ठीक," मी म्हणालो.

दिनकररावांनी हात लगेच मागे घेतला नाही. तो त्यांनी तसाच धरून ठेवला, आणि भिंतीकडे न पाहता माझ्याकडे पाहिले.

"नीट पाहिलंस?"

मी होय म्हणालो. त्यांनी कागद उचलला, त्याची घडी केली, खिशात ठेवली आणि ते मोरीकडे गेले. पुढचे मला तुकड्यातुकड्यांनी आठवते. अडकलेले वेटोळे सोडवण्यासाठी द्यायचा तो लहानसा, आंधळा छेद. त्या जागेच्या आड काही माणसांच्या शरीरात एक रक्तवाहिनी भलत्याच वाटेने जाते. ती कुणाला दिसत नाही. बोटाला लागली तर लागते. रक्त आले, आणि ते जिथून येत होते तिथपर्यंत हात पोचेना. मी टिपत राहिलो. चौकोन फरशीवर उतरला तोवर कस्तुराबाई गेली होती. दिनकररावांनी स्वतः बाहेर येऊन भुजंगला सांगितले. भुजंगने हात जोडले आणि तो म्हणाला, "तुमचा विलाज न्हाई चालला, साहेब. तुमी बी काई खाऊन घ्या. सकाळधरनं तशेच हाव." पूर्ण्याच्या त्या माणसाला हे कसे दिसले? त्याने कोणताही कागद ठेवला नव्हता.

तबाबत, म्हणजे वैद्यक खात्याचे एक वयस्क साहेब दरयाफ्तीला, चौकशीला आले. सज्जन माणूस. त्यांनी शांतपणे सारे ऐकून घेतले आणि निकाल दिला की रक्तवाहिनी विपरीत जागी होती, कुणाचाही कसूर नाही. कदाचित तेच खरे असेल. स्थिरातल्या स्थिर हाताकडूनही ती वाहिनी कापली गेली असती, असे मी नंतर पुस्तकांतून पुन:पुन्हा वाचून काढले. माझ्या त्या पुस्तकाचे ते पान आता शिवणीतून सुटले आहे. साहेबांनी मलाही एकच प्रश्न विचारला. शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टरसाहेबांची प्रकृती कशी दिसत होती? मी उर्दूत उत्तर दिले. उर्दूत खोटे अधिक अदबीने बोलता येते, असे मला तेव्हा वाटले. आता वाटते की मी कोणत्याही भाषेत ते बोललो असतो. मी म्हणालो, त्या सकाळी दाट धुके होते, खोलीत उजेड कमी होता, मला विशेष काही दिसले नाही. दिनकरराव शेजारच्या खुर्चीवर बसले होते. साहेब गेल्यावर ते उठले, खिडकीपाशी गेले आणि तिच्या गजावर हात ठेवून उभे राहिले. मी वाट पाहत होतो. ते एवढेच म्हणाले, "ही खिडकी मी मुद्दाम पूर्वेला काढून घेतली होती, बन्सीधर." महिन्याभरात त्यांनी नोकरी सोडली. विश्वस्तांनी मला मुख्य डॉक्टर केले. सव्विसाव्या वर्षी एवढी जागा मिळाली म्हणून माझ्या मामांनी पेढे वाटले. मेजाच्या खणात ते शिफारसपत्र तसेच होते. मी ते फाडले नाही आणि वापरलेही नाही. चाकू मला घ्यावाच लागला, कारण आता माझ्यापुढे कुणी उभे नव्हते. पहिल्या छेदाआधी मान वर करून पाहायला समोर नुसती भिंत होती. हळूहळू कानातली शिट्टी बारीक झाली. परंतु कागद ठेवण्याची पद्धत मी बंद केली. वेळ जातो, असे कारण मी वच्छलाबाईंना दिले. त्यांनी पुडीच्या कागदांचा गठ्ठा उचलून कंपाउंडरच्या खोलीत नेऊन ठेवला.

धुक्याची गोष्ट मी स्वतःशी फार दिवस टिकवू शकलो नाही. तिच्या जागी दुसरी आली, अधिक सुंदर. मला थरथर दिसली होती. पण ज्यांनी मला बोट धरून उभे केले, त्या गुरूला थांबा म्हणण्यास माझी जीभ रेटली नाही. अदब आड आली. आमच्या घरात वडीलमाणसांच्या पुढे चप्पल घालून उभे राहत नसत; तो संस्कार, तो मुलाहिजा. ही गोष्ट दु:खाची होती, परंतु तिच्यात मी वाईट नव्हतो. माझा दोष हा माझ्या चांगुलपणाचाच जास्तीचा भाग होता. पाच वर्षे मी तिच्यात राहिलो, माणूस भाड्याच्या घरात राहतो आणि कालांतराने ते आपलेच समजतो तसा. एकदाच, तीन वर्षांपूर्वी, मी बोरीला जाऊन त्यांना भेटलो. ओसरीवर बसून ते लोकांना तपासत होते, औषधे देत होते, फोडसुद्धा कापत नव्हते. अंगाने भरले होते, रंग उजळला होता. झोप झालेल्या माणसासारखे दिसत होते. त्यांनी मला दही-भाकरी वाढायला सांगितली. दवाखान्याचे विचारले, वच्छलाबाईंचे विचारले. मग हात धुताधुता, पाठमोरे असतानाच, त्यांनी विचारले की हात पाहतोस ना रोज? कोण पाहतं तुझा? मी म्हणालो, वच्छलाबाई पाहतात. बरं करतोस, ते म्हणाले. गेल्या चैत्रात ते गेल्याचे कळले तेव्हा त्यांच्याशी बोललेले माझे शेवटचे वाक्य कोणते होते, हे आठवायला मला काहीच श्रम पडले नाहीत.

आत मूल रडले. आवाज बारीक, चिडका, मध्येच तुटणारा. दगडाबाई उठली आणि पुन्हा बसली. बऱ्याच वेळाने वच्छलाबाई दार उघडून बाहेर आल्या. पोरगी आहे, आई धडधाकट आहे, अजून गुंगीत आहे, असे त्यांनी सांगितले. दगडाबाई म्हणाली, पोरगी तर पोरगी, आडवी होती ती सरळ झाली ना. मग ती माझ्याकडे वळली आणि तिने माझ्या हाताला हात लावून तो स्वतःच्या कपाळाला लावला. मी काही केले नाही, असे मी तिला सांगू लागलो. "ठावं हाय की," ती म्हणाली, "पर तुमी त्याला करू दिलं." मी हात मागे घेतला.

सुग्रीव आला तो थेट मोरीपाशी गेला. कोपरापर्यंतचे रक्त धुताना त्याची पाठ माझ्याकडे होती. मी जवळ जाऊन उभा राहिलो. त्याला काहीतरी चांगले म्हणावे, वडीलकीचे, मुख्य डॉक्टराला शोभेल असे, म्हणून मी शब्द शोधत होतो. तेवढ्यात त्याने टॉवेलासाठी हात पुढे केला आणि मला ते दोन्ही हात दिसले. ते थरथरत होते. मनगटापासून बोटांपर्यंत, उघड, कागदाची गरज न लागता. त्याने माझ्या डोळ्यांत पाहिले आणि तो ओशाळवाणे हसला.

"लय भ्या वाटत व्हतं, साहेब," तो म्हणाला. "तुमाला थांबा म्हणायच्या आधी तर कागद खिशातच ठिवावा वाटलं. म्हणलं, म्हणावं का न्हाई. थांबा म्हणलं की मंग आपल्यालाच पुढं व्हावं लागतंय. ते वच्छलाबाईनी आधीच सांगून ठेवलं व्हतं." त्याने टॉवेलात हात गुंडाळले. "तुमी रागावलाव का?"

मी नाही म्हणालो. तो आत गेला. वच्छलाबाईंनी खोलीची खिडकी उघडली होती, फरशी पुसली जात होती, आणि चौकोन केव्हाच फरशीवर उतरून दारापर्यंत आला होता. टेबलाजवळ तो पुडीचा कागद पडला होता. मी तो उचलला. त्याला एक आडवी घडी होती, सुग्रीवच्या खिशातली. मी तो माझ्या हातावर ठेवला नाही. भिंतीजवळ जाऊन, जिथे सावली पडत असे तिथे तळवा टेकून मी उभा राहिलो. चुना अजून किंचित उबदार होता.

त्या सकाळी धुके नव्हते. अदबही नव्हती. थांबा म्हटले असते तर चाकू मला घ्यावा लागला असता, आणि मला भीती वाटत होती.